गंगेकाठची बोली

परभणी जिल्ह्याने दीडशे वर्षांत तीन राजभाषा पाहिल्या. निजामाच्या दफ्तरात आधी फारसी होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस उर्दू आली. 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, तेही उर्दू माध्यमाचं. 17 सप्टेंबर 1948 ला निजामाचं संस्थान भारतात सामील झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला आणि पुढे 1964 च्या अधिनियमाने मराठी महाराष्ट्राची राजभाषा झाली.

गोदावरीला गंगा म्हणणारी इथली माणसं या सगळ्या काळात आपलीच बोली बोलत राहिली. सरकारने कागद कोणत्याही भाषेत लिहावा, पाळण्यापाशी, पेरणीत, तेराव्याला मराठीच होती. याच जिल्ह्यात सातोन्याला 1913 साली जन्मलेल्या बी. रघुनाथांनी निजामी राजवटीत सरकारी नोकरी सांभाळून मराठीत कविता आणि कादंबऱ्या लिहिल्या. भाषा अशा माणसांनी तगवली.

पण राजभाषा झाली ती पुण्या-मुंबईकडच्या छापील वळणाची मराठी. आमच्याकडे ‘काय करायलास?’ असं विचारतात आणि ‘जेवायलो’ असं उत्तर येतं. वर्गात पोरगं ‘आम्ही खेळायलोत’ म्हणालं की त्याला थांबवून ‘खेळत आहोत’ म्हणायला लावतात, बाकीची पोरं हसतात. तेच पोरगं मोठं होऊन पुण्यात मुलाखतीला बसतं आणि येत असलेलं उत्तरही अडखळत देतं. उर्दू कचेरीत आजोबा मुके होते, ते समजू शकतो. नातू मराठीतच मुका व्हावा, याचं दुःख मला कितीतरी जास्त आहे.

बोलीला मान देता येतो. नॉर्वेत इवार ओसेन नावाच्या माणसाने खेडोपाडी फिरून बोली गोळा केल्या आणि त्यांतून लिखित भाषा उभी केली. 1885 साली तिथल्या संसदेने तिला जुन्या लेखनभाषेच्या बरोबरीचा दर्जा दिला. आजही तिथले खासदार सभागृहात आपापल्या बोलीत बोलतात. प्रमाण भाषा शिकवायला माझी हरकत नाही; अर्ज, कायदा, शास्त्र यांना ती लागतेच. पण ती घरच्या बोलीत भर म्हणून शिकवावी. आपल्याच जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातल्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. इथल्या मातीतलं लेखन कुठवर जातं, ते पोरांना कळू द्या.

गुरुजी, पोरगं ‘खेळायलोत’ म्हणालं तर आधी त्याचं बोलणं पूर्ण ऐका. दुरुस्ती वहीत करा, चारचौघांत नको.