आधी दार बघतो

कामण गावात कुत्रा शिकवायला गेलो की मी आधी दार बघतो. रस्ता तिथून किती लांब आहे? चिंचोटी-भिवंडी रस्त्यावरून गोदामांकडे निघालेल्या कंटेनरच्या ड्रायव्हरला वीतभर उंचीचा पामेरियन दिसत नाही. दुसऱ्या अंगाला तुंगारेश्वरचं जंगल, म्हणजे बिबट्या आलाच. (हा पामेरियन बहुतेकदा इंडियन स्पिट्झ असतो. मालकांना ते सांगून चहा कडू करण्यात अर्थ नाही.)

मी कुत्र्याला दाराचा धाक घालीन, अशी घरच्यांची अपेक्षा. पण बाहेर जाणं हेच त्याचं बक्षीस आहे, बिस्किटापेक्षा मोठं. ते कधी मिळतं, एवढंच त्याला उमगायला हवं. पट्टा कुणाच्या तरी हातात द्यायचा, कडी काढायची, जराशी फट करायची. पुढे झेपावला की दार लावायचं, नाक सांभाळून. ओरडणं नाही, हिसका नाही. मागे सरकला की पुन्हा फट. कधीतरी तो बसतो आणि दाराऐवजी तुमच्या तोंडाकडे बघतो. तेव्हाच म्हणायचं, ‘चल’. आधी माणसाने बाहेर पडावं, नाहीतर कुत्रा डोक्यावर बसतो, हे मला पटत नाही. विचारून गेला, पुरे. थांबायची खूण म्हणून चाळीत उंबरा आयताच मिळतो. नव्या इमारतींत मी पायपुसणं टाकतो.

कुत्रा शिकतो. घर शिकत नाही. आई नियम पाळते, मुलं शाळेतून येऊन दार सताड उघडं टाकतात, कचऱ्याची गाडी वाजली की आजोबा बादली घेऊन धावतात. एकदा निसटायला मिळालं की कुत्रा पुढे प्रत्येक वेळी नशीब आजमावतो. अधूनमधून मिळणाऱ्या बक्षिसाची सवय सर्वांत चिवट, हे बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत दाखवलं. इथे कचऱ्याची गाडी पुरते. म्हणून सराव सगळ्यांनी करायचा, बेल वाजवून, हातात पिशव्या धरून.

तरीही निसटला, तर पाठलाग नको. त्याला तो खेळ वाटतो. उलट दिशेने पळत हाक मारा.

दिवाळीत मात्र यातलं काही चालत नाही. फटाक्याने बिथरलेल्या कुत्र्याला शिकवलेलं आठवत नाही. त्याला आतल्या खोलीत ठेवा, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर लिहा. एका आजींनी विचारलं, “दादा, नंबर मुलाचा घालू? पण तो कामावर असला की फोन उचलत नाही.”

“तुमचाच घाला, आजी. आणि फोन चार्जिंगला लावा.”