पिवळा दिवा काय सांगतो?

घरात कुणी कण्हू लागले की आपण आधी विचारतो, "कुठे दुखतंय?" गाडीला मात्र हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. समोर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागला की एकतर त्याकडे काणाडोळा होतो, नाहीतर घाबरून सांगितला जाईल तो पार्ट बदलला जातो. दोन्हीकडे खिशाला चाट बसते ती मालकाच्याच.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालीजवळच्या एका घरात २०१८ सालची डिझेल पिकअप आहे. हप्ते फिटलेले, रंग उडालेला. पण एप्रिल-मेमध्ये साऱ्या घराची भिस्त तिच्यावरच असते. आंब्याच्या पेट्या भरून ती रात्री निघते आणि आंबा घाट चढून सौद्याच्या आधी कोल्हापूर गाठते. गाडी चालवतात घरातले आबा.

एका रात्री साखरपा मागे पडले, घाटाची चढण लागली आणि दिवा पेटला. गाडी ओढेना. मागून काळा धूर निघू लागला. दुसऱ्या गिअरवर रांगत आबा कसेबसे वर पोचले, पण सौदा हुकला आणि माल पडत्या भावाने द्यावा लागला.

गावी परतल्यावर मेस्त्रीने स्कॅनर लावला. कोड आला पी ०२९९. "आबा, टर्बो गेला. नवाच टाकावा लागेल," तो म्हणाला. आकडा ऐकून आबा गप्प झाले. हंगाम तर थांबणार नव्हता. घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "पोरीच्या फीची ठेव मोडूया. पुढल्या वर्षी बघू."

ती पोरगी दारातच उभी होती. आयटीआयमधून डिझेल मेकॅनिक होऊन तिला पुढे डिप्लोमा करायचा होता. ठेव मोडली तर वर्ष जाणार, हे तिला न सांगता कळले. पण ती रुसली नाही, रडलीही नाही. तिने विचारले, "आबा, कोड नक्की काय आला?"

या कोडची भाषा मुळात सोपी आहे. अमेरिकेत १९९६ सालच्या मॉडेलपासून मोटारींना ही पद्धत सक्तीची झाली आणि पुढे ती जगभर पसरली. पहिले अक्षर 'पी' म्हणजे तक्रार इंजिन किंवा गिअरबॉक्सची. त्यानंतरचे शून्य म्हणजे कोड साऱ्या कंपन्यांना सामाईक. पी ०२९९ चा अर्थ एवढाच, की टर्बोकडून हवेचा जेवढा दाब यायला हवा तेवढा येत नाही. टर्बो मोडला, असे तो कोड म्हणतच नाही.

दाब कमी होण्याची कारणे अनेक. एअर फिल्टर चोंदलेला असेल, क्लॅम्प ढिला असेल, रबरी होज फाटला असेल, सेन्सर बिघडला असेल आणि टर्बोही खराब असू शकेल. शहाणपण यात, की तपासणी स्वस्त कारणापासून सुरू करावी.

"घाटात काही आवाज येत होता का?" तिने विचारले.

आबांनी आठवून सांगितले, "होय गो. चढावर दाबली की फुस्स करायची. सपाटीला गप्प."

गाठ तिथेच सुटली. टर्बोची हवा होजमधून इंटरकूलरकडे आणि तिथून इंजिनाकडे जाते. चढावर दाब वाढतो, तेव्हाच चीर उघडते. हवा वाटेतच निसटली की डिझेल नीट जळत नाही. म्हणून काळा धूर, म्हणूनच ओढ कमी. तिने बॅटरी घेऊन इंटरकूलरचा होज खालून पाहिला. एका जागी तेलकट धूळ चिकटली होती. पंक्चरवाल्याकडून बेताची हवा सोडून त्यावर साबणाचे पाणी टाकले, तर बुडबुडे आले!

टर्बोच्या मानाने होजची किंमत किरकोळ होती. मेस्त्रीनेच तो बसवला, नवे क्लॅम्प लावले आणि मजुरी घ्यायला नकार दिला. "मी कोड वाचला, पण आबांना काही विचारलंच नाही," तो म्हणाला. पुढच्या फेरीला गाडी भरल्या पेट्यांनिशी घाट चढली. दिवा लागला नाही.

ज्यांच्या घरी जुनी गाडी आहे त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे. पिवळा दिवा स्थिर असेल आणि गाडी नीट चालत असेल, तर जपून चालवावी, पण लवकर दाखवावी. तो लुकलुकू लागला, तर गाडी सावकाश बाजूला घ्यावी. पेट्रोल इंजिनात न जळलेले इंधन धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकते. ऑइलचा लाल दिवा लागला, तर इंजिन तत्काळ बंद करावे. बॅटरीची वायर काढून दिवा घालवू नये. त्याने दुखणे तसेच राहते आणि दिवा लागला तेव्हाचा वेग, तापमान, भार यांची साठवलेली नोंदही पुसली जाते. शिवाय मेस्त्रीकडून कोड कागदावर लिहून घ्यावा आणि दिवा चढावर लागला की सपाटीला, धूर कसा होता, आवाज कसा होता, हेही त्याला सांगावे.

ठेव मोडावी लागली नाही. हंगाम संपल्यावर मुलीने डिप्लोमाचा अर्ज भरला. तो भरायला तिला शहरात नेले ते आबांनीच, त्याच पिकअपमधून.