औरंगाबादचा नान मुंबईपर्यंत

आमच्या अम्मींचे माहेर औरंगाबादचे. वय ऐंशीच्या पुढे गेले, गुडघे चालत नाहीत, त्यामुळे पाच-सहा वर्षांत त्यांना तिकडे जाता आले नाही. कोणी औरंगाबादला निघाले की त्या एकच गोष्ट सांगतात, "नान घेऊन या."

मागच्या खेपेला आम्ही गरमागरम नान प्लॅस्टिकच्या थैलीत घट्ट बांधून आणले. वाटेत थैलीला आतून घाम सुटला. नान ओले, चिकट झाले. घरी पोहोचल्यावर ते फ्रिजमध्ये ठेवले, तर दुसऱ्या दिवशी अगदी चामड्यासारखे. अम्मी काही बोलल्या नाहीत. चहात बुडवून थोडा खाल्ला आणि बाकीचा बाजूला सरकवला. ते आमच्या मनाला लागून राहिले.

या वेळी आधी पाणचक्की पाहिली. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातली ही चक्की. डोंगरातल्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून इथपर्यंत आणले आणि त्याच्या जोरावर खानकाहतल्या लोकांसाठी धान्य दळले जाई. शेकडो माणसांच्या रोटीची सोय पाण्याने केली, हे पाहून मुलांना मोठे नवल वाटले.

तिथून शहागंजकडे गेलो. तिथल्या एका गल्लीत नानची भट्टी होती. मुहम्मद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला आणली. त्या लष्कराच्या जेवणातून नान-खलिया आला, असे इथले लोक सांगतात. भट्टीतून निघालेल्या पिवळसर, चकचकीत नानांकडे पाहूनच भूक लागली.

आम्ही थैली पुढे केली, तर भट्टीवरचे चाचा हसले. "बेटी, गरम नान को थैली में बंद नक्को करो. भाप से लगदा हो जाता. पहले ठंडा होने दो."

त्यांनी नान कापडावर सुटे मांडले. वाफ पूर्ण जाईपर्यंत आम्ही बाकड्यावर बसून राहिलो. मग स्वच्छ सुती कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात ठेवले. "फ्रिज में नक्को," असे चाचांनी दोनदा बजावले.

त्यांच्या सांगण्यामागे कारण आहे. भाजताना पिठातला स्टार्च पाणी शोषून फुगतो, म्हणून नान मऊ असतो. थंड झाल्यावर तोच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट होतो. फ्रिजच्या थंडीत हे सर्वांत लवकर घडते. फ्रीजरमध्ये मात्र ते जवळजवळ थांबते. म्हणून एक-दोन दिवसांत संपणारा नान कापडात गुंडाळून डब्यातच ठेवावा. उरलेला हवा न लागेल असा बांधून फ्रीजरमध्ये. पावसाळ्यात बुरशी लवकर धरते, तेव्हा बाहेर एका दिवसापेक्षा जास्त ठेवू नये.

खाताना पाण्याचा हात फिरवून मंद आचेच्या तव्यावर झाकण ठेवून गरम करावा. घट्ट झालेला स्टार्च उष्णतेने आणि ओलाव्याने पुन्हा सैल होतो. पण एकदा गरम केलेला नान गार झाला की आणखी लवकर कडक होतो. म्हणून पानात जेवढा लागेल तेवढाच गरम करावा. घरच्या चपातीलाही हेच लागू. तिची कणीक थोड्या कोमट पाण्याने सैलसर मळून अर्धा तास झाकून ठेवली, तर चपाती डब्यात अधिक वेळ मऊ राहते.

सात-आठ तासांचा प्रवास करून रात्री घरी पोहोचलो. मुलांनी दस्तरखान अंथरले, सूनबाईने खलिया गरम केला. अम्मींनी बिस्मिल्लाह म्हणून नानला हात लावला. तो बोटांनी सहज तुटला. त्यांनी तुकडा खलियात बुडवला आणि विचारले, "शहागंजचा?"

आम्ही होय म्हणालो.

त्या रात्री अम्मींनी अर्धा नान खाल्ला आणि उरलेला दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मागून घेतला. एकही तुकडा वाया गेला नाही, अल्हम्दुलिल्लाह.