ओळख पटली नाही : काही टिपणे

सोनारी. चैत्रातली काळभैरवनाथाची यात्रा. रथापुढे हजारो चेहरे नजरेखालून जातात. ज्या दुकानदाराकडून भर दुपारी प्रसाद घेतला, तो महिन्याने परंड्याच्या बाजारात भेटला तर ओळखेन का? मग रानातल्या वस्तीवर, डोळ्यांवर बॅटरीचा झोत असताना, गळ्याला सुरा लागलेला असताना पाहिलेला चेहरा किती टिकत असेल?

*

दरोड्यातले आरोपी सुटले की गावात म्हणतात, "पैसे चारले." दरोडा पडलाच नाही, असं न्यायालय म्हणत नाही. टाकणारे हेच होते, हे सिद्ध झालं नाही, एवढंच ते म्हणतं. दोन्हींत फार अंतर आहे.

*

ओळख परेडची रीत साधी आहे. आरोपीच्या वयाचे, अंगलटीचे निदान सहा जण त्याच्यासोबत उभे करायचे. साक्षीदाराने त्यांतून आरोपी ओळखायचा. समोर दंडाधिकारी आणि पंच, पोलीस बाहेर. मुंबईच्या लॉईड्स बँक दरोड्याच्या खटल्यात 1954 साली सर्वोच्च न्यायालयाने बजावलं, की परेड पोलिसांनी चालवली तर तिथलं साक्षीदाराचं बोलणं पोलिसांपुढचा जबाब ठरतं. शिवाय परेड हा केवळ आधार. खरा पुरावा म्हणजे साक्षीदाराने कोर्टात पटवलेली ओळख.

*

नाशिक जिल्हा, जून 2003. पेरूच्या बागेतल्या झोपडीवर दरोडा. पाच जणांचा जीव गेला. सहा भटके मजूर पकडले. 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. 5 मार्च 2019 रोजी त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. बचावलेल्या जखमी बाईने पोलिसांच्या फोटोंतून आधी वेगळेच चौघे ओळखले होते. त्यांच्यावर खटला भरलाच नाही. सहा जणांची सोळा वर्षं गेली. सरकारने प्रत्येकी 5 लाख द्यावेत, असा हुकूम झाला. आणि त्या बाईला? तिच्या माणसांना मारणारे कोण, हे आजही सिद्ध नाही.

*

संशय आधी भटक्यांच्या पालावरच का जातो? 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 साली गेला, नजर राहिली. लक्ष्मण गायकवाडांचं आत्मकथन 'उचल्या' आपल्या शेजारच्या लातूरच्या मातीतलं आहे. ज्याने ते वाचलं, त्याला ही नजर वेगळी सांगायला नको.

*

आता नवं संकट मोबाइलचं. संशयित पकडला की तासाभरात त्याचा फोटो गावभर फिरतो. साक्षीदाराने तो पाहिला, की परेडमध्ये साक्षीदार दरोडेखोराला ओळखतो की फोटोला, हे कुणी सांगू शकत नाही. खरा गुन्हेगारही मग त्याच वाटेने सुटतो.

म्हणून गावकऱ्यांना हात जोडून सांगणं आहे. वस्तीवर असा प्रसंग आला तर पहिल्याच जबाबात उंची, आवाज, बोली, चालणं, व्रण, उजेड किती होता, सगळं लिहून घ्यायला लावा. परेड लवकर घ्या म्हणून पाठपुरावा करा. आणि तो फोटो पुढे पाठवू नका.