दप्तरखान्याचा कारभार

आमच्या ऑफिसात पूर्वी कागद हरवला की उंदरांवर ढकलायची सोय होती. पुढं कॉम्प्युटर आला आणि उंदीर थेट टेबलावर येऊन बसला. आता कागद हरवणारच नाही, असं साहेबांनी जाहीर केलं. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक ईमेलची एक प्रत आपोआप 'दप्तरखाना' नावाच्या पेटीत जाऊन पडणार होती. आवक-जावक रजिस्टरावर ३० वर्षं झिजलेल्या मला त्या दप्तरखान्याचा प्रमुख नेमलं. काम काहीच नव्हतं. म्हणूनच मला नेमलं असावं.

चार वर्षं सुखात गेली. मग आमचे शिपाईमामा निवृत्त झाले आणि त्यांची ग्रॅच्युइटी अडली. सुरुवातीची ६ वर्षं त्यांनी नागपूरच्या शाखेत काढली होती. दर वर्षाला १५ दिवसांचा पगार, म्हणजे ९० दिवसांच्या पगाराचा प्रश्न! ती शाखा बंद होताना तिथल्या हेडक्लार्कनं मामांचे कागद स्कॅन करून मेलनं पाठवले होते. ज्यांना पाठवले ते साहेब केव्हाच नोकरी सोडून गेले, त्यांची पेटीही पुसली गेली. राहता राहिला माझा दप्तरखाना.

"भाऊसाहेब, तुमच्याकडं गेलेला कागद कुठं जात नाही," मामा म्हणाले. ऐकून माझ्या पोटात गोळा आला.

दप्तरखाना उघडला. कॅन्टीनच्या पोह्यात मीठ जास्त पडल्याची तक्रार होती. तिला आलेली अकरा उत्तरंही होती. मामांचे कागद मात्र नव्हते. हळूहळू ध्यानात आलं, की किरकोळ पत्रं सगळी आहेत आणि जाडजूड तेवढीच गायब आहेत.

सर्व्हर सांभाळणाऱ्या मुलाला बोलावलं. त्यानं ८ एमबीचा एक स्कॅन मुद्दाम पाठवून पाहिला. आमच्या सर्व्हरनं घेतला. दप्तरखान्यानं ५५२ असा आकडा सांगून दारातूनच परत लावला.

"म्हणजे काय रे?"

"काका, उत्तर ४ नं सुरू झालं तर 'नंतर या'. सर्व्हर पुन्हा पुन्हा खेटे घालतो. ५ नं सुरू झालं तर 'परत येऊ नका'."

१९८२ साली जॉन पोस्टेल नावाच्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञानं ईमेलच्या देवाणघेवाणीचे नियम लिहिले, त्यातच हे ठरलेलं आहे म्हणे. मला वाटत होतं, ही पद्धत आपल्या सरकारी खिडक्यांवरच निघाली.

"पण दप्तरखान्यात १० एमबीपर्यंत चालतं ना? हे तर ८ आहे!"

"पाठवताना फुगतं, काका. ईमेल मुळात साध्या अक्षरांसाठी बनलेली. चित्र पाठवायचं तर त्याची अक्षरं करावी लागतात. ३ बाइटांची ४ अक्षरं होतात. ८ चे जवळजवळ ११ झाले."

हे मात्र झटकन पटलं. माहेरी जाताना मावणारी आमच्या हिची बॅग परतताना कधी बंद झालेली नाही.

"पण परत आलं हे मशीननं सांगायला नको?"

"सांगतं ना! दर वेळी पोस्टमास्तरच्या पेटीत वर्दी देतं."

"मग धरा त्या पोस्टमास्तरला! चार वर्षं झोपला होता काय?"

मुलगा जमिनीकडं बघत म्हणाला, "काका, ते तुम्हीच."

नेमणुकीच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलं होतं, दुसऱ्या पानावर. पेटी उघडली. न वाचलेल्या २,३१७ वर्द्या, आणि प्रत्येकीला मूळ पत्र जोडलेलं! मामांचे कागद त्यातच निघाले. दप्तरखान्याची मर्यादा मुलानं पाच मिनिटांत वाढवली. माझी तेवढ्यात वाढण्यासारखी नव्हती.

मामांना ९० दिवसांचा पगार मिळाला. ते पेढे घेऊन आले. "म्हटलं नव्हतं, तुमच्याकडचा कागद कुठं जात नाही?" तो पेढा माझ्या घशाखाली उतरेना.

घरी येऊन सगळी हकिकत हिला सांगितली. ही शांतपणे म्हणाली, "सोमवारपासून तीनदा सांगितलं, गॅसचा नंबर लावा म्हणून. मघाशी सिलिंडर संपला."

"मग आता चहा?" मी विचारलं.

उत्तर ५ नं सुरू होणारं होतं.