शेवाळ कोठून येते?

स्मरणिकेसाठी लेख मागितला जातो, तेव्हा लेखकाने संस्थेच्या वाटचालीविषयी, थोरामोठ्यांच्या सहवासाविषयी किंवा विद्यार्थ्यांच्या यशाविषयी लिहावे अशी अपेक्षा असते. ती रास्तच आहे, आणि तसे लिहिणारे अधिकारी सहकारी या अंकात पुष्कळ आहेत. आम्ही मात्र वाचनालयातील काचेच्या टाकीविषयी आणि तिच्यात धरणाऱ्या शेवाळाविषयी लिहिणार आहोत. विषय लहान आहे, हे आम्हांस ठाऊक आहे. परंतु या टाकीने वसतिगृहात जेवढी चर्चा घडवून आणली, तेवढी आमच्या इतिहासाच्या तासांनाही साधली नाही. शिवाय एका पालकांनी या टाकीवरून आम्हांला जो प्रश्न विचारला, तो केवळ तोंडी उत्तर देऊन मिटण्यासारखा नव्हता.

ही टाकी माजी विद्यार्थ्यांच्या एका तुकडीने शाळेला भेट दिली. तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद आणि दीड फूट उंच, म्हणजे सुमारे दीडशे लिटर पाण्याची. तळाशी बारीक वाळू, त्यात लावलेल्या थोड्या पाणवनस्पती, काही मोली आणि गप्पी मासे. वाचनालयात जागा होती ती पश्चिमेच्या खिडकीपाशी. तेथेच ती बसली. पहिला महिना मुले पुस्तक उघडून टाकीकडेच पाहत असत. दुसऱ्या महिन्यात काचेवर तपकिरी पूड दिसू लागली, मग हिरवा थर आला, मग पानांच्या कडांना हिरवे धागे लोंबू लागले. दिवाळीच्या सुट्टीनंतर पाणीच हिरवे झाले आणि मासे दिसेनासे झाले. नागपूरकरांना हा रंग नवा नाही. उन्हाळ्याअखेरीस कूलरच्या टाकीत हात घातला की बोटांना जी बुळबुळीत काई लागते, तिचीच ही भावंडे.

टाकीची देखभाल करणाऱ्या एका विक्रेत्याने त्या वेळी आपल्याजवळच्या बाटलीतील औषध पाण्यात टाकले. बाटलीवर घटक छापलेले नव्हते. शेवाळ दोन दिवसांत फिकुटले, तिसऱ्या दिवशी टाकीतल्या सगळ्या गोगलगाई मरून पडल्या आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडे उघडमीट करू लागले. शेवाळ मारण्याच्या औषधांत पुष्कळदा तांब्याचे क्षार असतात. आपल्याकडचे संत्रा बागायतदार झाडाच्या खोडाला लावण्यासाठी चुन्याबरोबर जे मोरचूद कालवतात, तेही तांब्याचेच. ते बुरशीला मारते, शेवाळालाही मारते. पण गोगलगाय आणि झिंगा यांना ते अत्यल्प प्रमाणातही सोसत नाही. शिवाय मेलेले शेवाळ पाण्यातच कुजते आणि कुजताना पाण्यातील प्राणवायू संपवते. महिन्याभरात हिरवा रंग परतला. गोगलगाई मात्र परतल्या नाहीत.

येथे आमच्यातला इतिहासाचा विद्यार्थी जागा झाला. काचेच्या टाकीत वनस्पती आणि मासे एकत्र ठेवण्याची कल्पना पहिल्यांदा कोणी तपासली, याचा शोध घेता रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञाचे नाव समोर आले. त्याने एका भांड्यात दोन लहान गोल्डफिश आणि वॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. मासे जो वायू सोडतात तो वनस्पती घेते, आणि वनस्पती जो प्राणवायू सोडते तो माशांना मिळतो, हे त्याला पडताळून पाहायचे होते. काही काळ सारे सुरळीत चालले. मग वनस्पतीची जुनी पाने कुजू लागली, पाणी गढूळ झाले आणि काचेवर हिरवे शेवाळ चढले. वॉरिंग्टनने विष वापरले नाही. त्याने तळ्यातल्या गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी कुजकी पाने व शेवाळ खाल्ले आणि पाणी पुन्हा निवळले. हा प्रयोग त्याने १८५० साली लंडनच्या केमिकल सोसायटीपुढे मांडला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ मध्ये लोकांसाठी पहिले मत्स्यालय उघडले, आणि मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झाले. म्हणजे या छंदाच्या पहिल्याच अध्यायात शेवाळ हजर आहे. आमच्या मुलांना हे ऐकून फार बरे वाटले.

त्यानंतर आम्ही आणि इयत्ता आठवीच्या मुलांनी मिळून एक वही घातली. तीत रोज चार गोष्टी लिहायच्या: दिवा किती तास लागला, खाद्य किती पडले, किती पाणी बदलले आणि काच किती हिरवी दिसली. नियम एकच, पंधरा दिवसांत एकाच गोष्टीत बदल करायचा. इतिहास शिकवताना आम्ही मुलांना सांगत असतो की एखाद्या घटनेला एकच कारण नसते, आणि जे आधी घडले ते नंतरच्याचे कारण असतेच असे नाही. ही गोष्ट राज्ये आणि लढाया यांच्या उदाहरणांनी जितकी पटत नाही, तितकी या वहीने पटली.

पहिला बदल उजेडाचा. टाकीवरचा दिवा वाचनालयाबरोबर सकाळी सहाला लागे आणि रात्री दहाला मालवला जाई. त्यात दुपारनंतर खिडकीतून थेट ऊन येई. आम्ही टाकी आतल्या भिंतीशी हलवली आणि टायमर लावून दिवा सात तासांवर आणला. काचेवरचा थर मंदावला, पण थांबला नाही. दुसरा बदल खाद्याचा. वसतिगृहातला प्रत्येक मुलगा येताजाता प्रेमाने चिमूटभर खाद्य टाकत असे, आणि चिमटी पन्नासांवर होत्या. माशांनी न खाल्लेले खाद्य तळाशी कुजते. त्यातून अमोनिया सुटतो, वाळूतले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. खाद्यातला फॉस्फरसही पाण्यात उतरतो. शेताला जे खत, तेच शेवाळाला खत. दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढेच खाद्य द्यायचे आणि रविवारी माशांचा उपवास, असे ठरले. रविवारी खिरीचा बेत असल्यामुळे काही मुलांना हा नियम अन्यायाचा वाटला.

तिसरा बदल वनस्पतींचा. आरंभी टाकीत सावकाश वाढणारी चार रोपे होती. तेवढ्यांना पाण्यातले सारे खत खाणे शक्यच नव्हते. आम्ही वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि लिमनोफिला या झपाट्याने वाढणाऱ्या वनस्पती दाट लावल्या. वनस्पती नीट वाढत असली की ती खत उचलते, उजेड अडवते आणि शेवाळाला वाव राहत नाही. ती उपाशी किंवा आजारी असली की तिच्याच पानांवर शेवाळ बसते. म्हणून पिवळे पडलेले पान त्याच दिवशी कातरायचे. चौथा बदल पाण्याचा. दर शनिवारी चाळीस लिटर, म्हणजे साधारण चौथा हिस्सा पाणी काढायचे आणि नळाचे पाणी एक दिवस उघड्या बादल्यांत ठेवून, त्यातला क्लोरीन उडाल्यावर भरायचे. काढलेले पाणी कढीपत्त्याच्या झाडाला. सर्वांत शेवटी नव्या गोगलगाई आणल्या.

मे महिन्याने परीक्षा पाहिली. पाणी २० अंश सेल्सियसला असताना एका लिटरात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. आपल्या उन्हाळ्यात खोलीतले पाणी त्याहूनही तापते. टाकीचे झाकण काढून वर जाळी आणि पंखा लावला, दिव्याचे तास आणखी कमी केले, आणि उडालेले पाणी रोज भरले. हे सारे सुट्टीत थांबलेल्या मुलांनी केले.

याच सुमारास पालक सभेत एक गृहस्थ उभे राहिले. महापालिकेत सफाईचे काम करून त्यांनी दोन मुलांना शिकवले आहे. ते म्हणाले, “सर, पोराले शिकाले धाडलं हाये इथं. घान काढाले नाही. थे काम आमी केलं, आमच्या बापानं केलं. आता पोरानंबी थेच कराचं काय?”

सभा स्तब्ध झाली. हा प्रश्न आमच्या समाजात का विचारला जातो, हे या स्मरणिकेच्या वाचकांस समजावून सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्पिढ्या ज्यांच्या माथी इतरांची घाण मारली गेली, त्यांच्या मुलाच्या हाती पुन्हा घासणी दिसली तर बापाच्या काळजात चर्र होणारच. ‘श्रमाला प्रतिष्ठा असते’ हे वाक्य अशा वेळी उच्चारणे सोपे असते. पण ज्याने तो श्रम निवडला नव्हता, त्याला ते ऐकवण्याचा अधिकार आम्हांला नाही.

आम्ही त्यांना म्हणालो, “भाऊ, तुमचा प्रश्न बरोबर आहे. वाचनालयात चला आणि भिंतीवरचा तक्ता पाहा.” तक्त्यावर आठवडावार नावे होती: त्यांचा मुलगा, वर्गातली इतर मुले, आम्ही स्वतः, विज्ञानाचे शिक्षक आणि मुख्याध्यापक. त्या शनिवारी बादली मुख्याध्यापकांच्या वाट्याला होती. शिपायाचे नाव तक्त्यात नव्हते. त्यांच्याकडे कामे पुष्कळ आहेत आणि ही टाकी त्यांनी मागितली नव्हती. मग त्यांच्या मुलाने वही उघडून कोणत्या पंधरवड्यात काय बदलले आणि काच किती हिरवी राहिली, हे वडिलांना दाखवले. त्यांनी पाने उलटून पाहिली आणि म्हणाले, “नालीत बी असंच रायते. वरतून येनं बंद केल्याबिगर खालचं किती बी काढा, आठ दिवसांत पुन्हा तसंच.”

आम्ही जे सिद्ध करायला चार महिने घेतले, ते या गृहस्थांना कामाने शिकवले होते. त्यांचे वाक्य त्यांच्या मुलाने त्याच दिवशी वहीत लिहिले, खाली वडिलांचे नाव घालून.

हेच सूत्र कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात १९७३ साली एका अख्ख्या सरोवरावर तपासले गेले. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरोवराच्या मधोमध जाड पडदा लावला. दोन्ही भागांत कर्ब आणि नत्र घातले, फॉस्फरस मात्र एकाच भागात. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला. दुसरा स्वच्छ राहिला. सांडपाणी आणि धुण्याच्या पावडरी यांतला फॉस्फरस रोखल्याशिवाय तलाव वाचणार नाहीत, हे त्यानंतर जगाला नाकारता आले नाही.

आपले शहर तलावांचे आहे. अंबाझरी, फुटाळा, सोनेगाव, गांधीसागर, नाईक तलाव ही नावे मुलांना पाठ असतात. अंबाझरीवर अलीकडच्या वर्षांत जलपर्णीचा गालिचा पसरला, तेव्हा यंत्रे आणि मजूर लावून ती उपसली गेली. वरच्या अंगाच्या वस्त्यांतले सांडपाणी येत राहिले तर ती पुन्हा वाढते, हे आमची मुले आता स्वतःहून सांगतात. गणेशोत्सवात मूर्ती तलावांऐवजी कृत्रिम टाक्यांत विसर्जित करण्याची व्यवस्था शहरात का करावी लागली, हेही त्यांना उमगते. ज्या शहरात १९५८ पासून सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था उभी आहे आणि १९७४ पासून ती ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते, तेथे पाण्याविषयी असे प्रश्न विचारणारी मुले आपल्या वसतिगृहातूनही जावीत, अशी आमची इच्छा आहे.

शेवाळाविषयी द्वेष मात्र आम्ही शिकवलेला नाही. निळे-हिरवे शेवाळ म्हणून ज्याला आपण नाक मुरडतो, ते खरे तर जिवाणू. आणि त्यांच्याच पूर्वजांनी सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरण्यास आरंभ केला. काचेच्या मागच्या बाजूचा हिरवा थर आम्ही घासत नाही; तो गोगलगाईंचा आणि मोलींचा चारा आहे. पुढची काच शनिवारी पुसली जाते.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेकांनी आता घरी अशा टाक्या ठेवल्या आहेत आणि फोन करून उपाय विचारतात. त्यांना आमचे सांगणे एवढेच: बाटली विकत घेण्यापूर्वी पंधरा दिवस वही लिहा. उजेड सहा ते आठ तास, खाद्य कमी, वनस्पती दाट, दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी. काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा सकर मासा घेऊ नका. तो फूटभराहून मोठा होतो, आणि कंटाळून तलावात सोडला तर तिथल्या देशी माशांच्या मुळावर उठतो. घरात हे काम कोण करते, तेही एकदा तक्ता करून पाहा. शाळेत आलात तर वाचनालयात अवश्य डोकवा. वहीचा सहावा भाग सध्या सुरू आहे, आणि शनिवारी आलात तर एक बादली तुमच्यासाठी राखून ठेवलेली असेल.