डबीतला जिवंत दात

पडलेला दात जिवंत असतो! मुळासकट निखळून बाहेर आलेला, फरशीवर पडलेला, रक्तानं माखलेला कायमचा दात वेळेत उचलला तर परत त्याच्याच खोबणीत बसवता येतो. तो तिथं धरू शकतो, पुढं वर्षानुवर्षं टिकू शकतो! हे मला कुणीच कसं सांगितलं नव्हतं? शाळेच्या प्रथमोपचाराच्या तासाला आम्ही साप चावला तर काय करायचं ते शिकलो, हात मोडला तर झोळी बांधायला शिकलो. पण दिवसभर धावणाऱ्या, पडणाऱ्या, सायकलवरून आपटणाऱ्या मुलांच्या दातांबद्दल एक अक्षर नाही. आता मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईंनाही सांगितलं.

मला हे कळलं ते जर्मनीत. देशाच्या नैऋत्य कोपऱ्यात, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी फ्रायबुर्ग नावाचं शहर आहे. जुन्या गावात रस्त्यांच्या कडेनं दगडी पन्हळींतून पाणी वाहत असतं, मुलं त्यात दोरीला बांधलेल्या होड्या सोडतात. तिथं माझी नणंद राहते. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही सगळेच गेलो होतो, सासूबाईंसकट. जुलैतला रविवार, कडक ऊन, सगळं शहर उघड्या तरणतलावावर. आमचा अकरा वर्षांचा मुलगा ओल्या काठावरून घसरला आणि तोंडावर आपटला. वरचा पटाशीचा दात अख्खा बाहेर आला, लांब मुळीसकट. दाताचं मूळ इतकं लांब असतं हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

आणि मग जे घडलं ते मला अजून थक्क करतं. एक पोरगेला जीवरक्षक धावत आला. कुणी तरी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं हातानंच थांबवली. दात उचलला तो पांढऱ्या भागाला धरून; मुळाला बोट लावलं नाही, पुसला नाही, धुतला नाही. दुसऱ्या हातानं भिंतीवरच्या प्रथमोपचाराच्या कपाटातून फिरकीच्या झाकणाची एक छोटी डबी काढली, आत गुलाबीसर पाणी होतं, त्यात दात सोडला, झाकण लावलं आणि डबी माझ्या हातात दिली. पोराच्या तोंडात स्वच्छ कापडाची घडी देऊन ती चावून धरायला सांगितली. मी ‘आता काय’ असं विचारेपर्यंत हे सगळं झालंसुद्धा होतं!

ती डबी म्हणजे दात वाचवण्याची डबी. खास एवढ्याच कामासाठी बनवलेली! जर्मनीत औषधांच्या दुकानात ती विकत मिळते, कितीतरी शाळांत, तलावांवर, क्रीडासंघांत ती ठेवलेली असते. आतलं द्रव साधं पाणी नसतं. प्रयोगशाळेत पेशी जगवण्यासाठी जे पोषक द्रव वापरतात त्याच जातीचं ते असतं, आणि त्यात दात चोवीस तास, कधी त्याहूनही जास्त वेळ बसवण्याजोगा राहतो.

पेशी! सगळी गंमत तिथंच आहे. दात हाडात सिमेंटनं बसवल्यासारखा घट्ट नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक तंतूंचं पातळ अस्तर असतं, त्यावर दात टांगलेला असतो. म्हणून तर चावताना तो किंचित दबतो आणि खडा लागला की लगेच कळतं. दात निखळतो तेव्हा हे अस्तर फाटतं, अर्धं खोबणीत राहतं, अर्धं मुळाला चिकटून येतं. मुळावरचं हे अर्धं जिवंत असेल तर दात परत बसवल्यावर दोन्ही बाजू जुळून येतात. कोरड्या हवेत मात्र या पेशी भराभर मरतात. अर्ध्या तासातच मोठं नुकसान होतं आणि तासाभरानंतर त्यातल्या फारशा उरतच नाहीत. मग दात बसवला तरी हाड थेट मुळाला चिकटतं आणि काही वर्षांत मुळाला हळूहळू खाऊन टाकतं. नळाच्या पाण्यात ठेवलं तरी घात, कारण पाण्यात क्षार कमी, त्यामुळे पेशी पाणी शोषून फुगतात आणि फुटतात. कागदी रुमालात गुंडाळून खिशात टाकणं तर सगळ्यात वाईट.

सासूबाई मावळातल्या. संध्याकाळी मी त्यांना हे सगळं समजावत होते तर त्या म्हणाल्या, “अगं, म्हणजे भाताची लावणीच की! तरवा उपटला तरी मुळं ओली ठेवली की धरतो, उन्हात पडला की गेला.” मी एवढं तासभर बोलले ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं.

आणि डबी नसेल तर? दूध! थंड दूध. यावर तर माझा विश्वासच बसेना. दुधातल्या क्षारांचं प्रमाण पेशींना मानवतं, ते फार आंबटही नसतं, त्यामुळे मुळावरच्या पेशी त्यात काही तास तग धरतात. दातांच्या अपघातांवर काम करणाऱ्या दंतवैद्यांची जी आंतरराष्ट्रीय संघटना आहे तिच्या 2020 च्या मार्गदर्शक सूचनांत साठवणीसाठी दुधाचं नाव अगदी वर आहे. शहाळ्याच्या पाण्यावरही आपल्याकडच्या दंतमहाविद्यालयांत प्रयोग झाले आहेत, पण त्या यादीत ते नाही, तेव्हा दूधच बरं. सगळ्यात उत्तम म्हणजे दात जागच्या जागी, तिथल्या तिथं खोबणीत परत बसवणं! पांढऱ्या भागाला धरायचं, माती लागली असेल तर दुधात हलकेच बुचकळायचं, दिशा बघून हळूच आत सरकवायचा आणि रुमाल चावून धरायला लावायचा. शुद्धीवर असलेल्या, समजत्या मुलाच्या बाबतीत हे कुणीही करू शकतं. फक्त एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची: दुधाचा दात कधीही परत बसवायचा नाही, कारण त्याच्या मागं कायमच्या दाताचा अंकुर तयार होत असतो, त्याला इजा होते.

तर, नणंद गाडी काढत म्हणाली, “वहिनी, तू मागे बस त्याच्याजवळ. मी फोन लावते.” रविवारी जर्मनीत सगळं बंद. दुकानं बंद, दवाखाने बंद. पण दंतवैद्यांच्या प्रादेशिक संघटना सुट्टीच्या दिवसांच्या पाळ्या लावून देतात. कुठं ना कुठं कुणीतरी उघडं असतंच आणि ते कुठं हे फोनवर कळतं. दातांखेरीज दुसरं काही, म्हणजे ताप, कानदुखी, उलट्या, असं असेल तर 116117. हा क्रमांक 2012 पासून देशभर एकच आहे, दवाखाने बंद असताना पाळीवरचा डॉक्टर तो गाठून देतो. जिवावर बेतलं असेल तर 112, आणि तो तर सगळ्या युरोपीय संघात चालतो. हे तीन मार्ग वेगळे ठेवलेले आहेत याचं मला फार अप्रूप वाटलं. कुठं जायचं हे घाबरलेल्या आईला स्वतः ठरवावं लागत नाही.

डॉक्टरीणबाईंनी दाताकडं पाहायच्या आधी पोराकडं पाहिलं. बेशुद्ध पडला होता का, उलटी झाली का, डोकं दुखतंय का, नीट दिसतंय का, बाहुल्या तपासल्या. मग धनुर्वाताची लस. माझ्या मोबाइलमध्ये त्याच्या लसीकरणाच्या कार्डाचा फोटो होता, दहाव्या वर्षी दिलेली टीडी त्यावर स्पष्ट दिसत होती. एका फोटोनं एक इंजेक्शन वाचलं! मग हिरडी बधिर केली, खोबण सलाइननं धुतली, डबीतून दात काढला आणि बोटानं हळूच वर सरकवला. बसला! माझ्या डोळ्यांदेखत तो रिकामा जबडा परत भरला. शेजारच्या दातांना धरून एक बारीक, लवचीक तार चिकटवली. ती मुद्दाम लवचीक असते, कारण दात किंचित हलता राहिला तरच ते अस्तर नीट जुळतं. घट्ट आवळला तर हाड चिकटायचा धोका वाढतो. दोन आठवडे तार, मऊ जेवण, मऊ ब्रश, क्लोरहेक्सिडीनच्या चुळा, आणि दोन आठवड्यांच्या आत रूट कॅनॉल सुरू करायचं, कारण अकराव्या वर्षी या दाताच्या मुळाचं टोक बहुधा मिटलेलं असतं आणि आतली नस पुन्हा जोडली जायची आशा नसते. हे सगळं त्यांनी आम्हाला बसवून, कागदावर चित्र काढून सांगितलं. पोरालाच आधी, मग आम्हाला.

औषधाची चिठ्ठी निळ्या कागदावर होती, स्वखर्चानं घेणाऱ्यांची. जर्मनीत मेडिकलच्या दारावर मोठं लाल ‘ए’ असतं आणि साधी पॅरासिटामॉलसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही, तिथंच घ्यावी लागते. मग रविवारी रात्री काय? तिथंही पाळी! बंद असलेल्या प्रत्येक दुकानाच्या दारावर आज कोण उघडं आहे त्याची पाटी, आणि मोबाइलवरून 22833 लावलं तरी कळतं. आम्ही पोचलो तर दार बंद, शेजारी घंटा. घंटा वाजवली, दारातली छोटी खिडकी उघडली आणि आतून एक फार्मासिस्ट. पोराचं वजन विचारलं, मनाशी हिशेब केला, बाटलीतल्या पावडरीत रेघेपर्यंत पाणी घालून, हलवून सिरप आमच्यासमोर तयार केलं आणि प्रत्येक मात्रेच्या वेळा लेबलवर लिहून दिल्या. रात्री उठवण्याचे जादा पैसे किती? अडीच युरो. बाटलीवरचं नाव सासूबाईंनी दिव्याखाली धरून वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला: अमॉक्सिसिलिन! पुण्यातल्या मेडिकलवाल्याकडं मिळतं तेच. कंपनीचं नाव देशोदेशी बदलतं, पण औषधाचं मूळ नाव जागतिक आरोग्य संघटना 1950 च्या दशकापासून सगळ्या जगासाठी ठरवत आली आहे. म्हणून परदेशी निघताना घरातल्या प्रत्येकाच्या गोळ्यांची मूळ नावं कागदावर लिहून न्यावीत.

बिल पाहून तर मी हरखूनच गेले. बिल पाहून कोण हरखतं? पण त्यात प्रत्येक कामाला ठरलेला क्रमांक, पुढं दाताचा क्रमांक, पुढं गुणक, पुढं रक्कम. दंतवैद्यांच्या खाजगी शुल्काचं तिथं सरकारी दरपत्रक आहे. प्रत्येक कामाला ठरावीक गुण, एका गुणाला 5.62421 सेंट. हा विचित्र आकडा कुठून आला? 1988 साली एक गुण म्हणजे 11 फेनिश होता, त्याचंच युरोत रूपांतर केलं आणि तो आजतागायत तसाच आहे! त्या रकमेला साधारणपणे 2.3 पर्यंतचा गुणक लावता येतो. त्याहून जास्त, 3.5 पर्यंत, लावायचा तर कारण लिहून द्यावं लागतं. परक्या देशातल्या माणसाला मनमानी आकडा सांगायची सोयच नाही. विम्यासाठी यापेक्षा चांगला कागद मिळणार नाही. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोंचा प्रवासविमा लागतोच, त्यामुळे तो सगळ्यांकडं असतो. पण त्यातली दातांची मर्यादा बहुधा निराळी आणि बरीच छोटी असते. निघण्यापूर्वी तेवढं पान नक्की वाचावं आणि काही झालं की मदतक्रमांकाला लगेच कळवावं.

पण माझं सगळ्यात लाडकं ते बिलावरचं 21. तोंडाचे चार भाग, प्रत्येकाला एक आकडा, आणि मधल्या रेषेपासून दात मोजत जायचे. दोन म्हणजे वरचा डावा भाग, एक म्हणजे पहिला दात. अमेरिकेत निराळी पद्धत आहे, पण बाकीच्या बहुतेक जगात हीच. परत आल्यावर पुण्यातल्या आमच्या डॉक्टरांनी तो जर्मन कागद हातात घेतला, 21 पाहिलं, तारीख पाहिली, एक्स-रे संगणकावर उघडला आणि म्हणाले, “या, बसा खुर्चीत.” फ्रायबुर्गला थांबलेलं काम कोथरूडमध्ये जिथल्या तिथं पुढं सुरू! तार काढली, रूट कॅनॉल झालं. आता दर तपासणीला ते आरशाच्या दांड्यानं दातावर टकटक करतात. हाड चिकटलं असेल तर आवाज उंच, धातूसारखा येतो. आमच्या 21 चा आवाज शेजारच्या 11 सारखाच आहे, खणखणीत नाही. इतक्या बद्द आवाजाचा मला इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं! एक वर्षापर्यंत ठरावीक अंतरानं बघत राहायचं आणि पुढंही वर्षातून एकदा.

आता मी मुलाच्या शाळेत जाऊन क्रीडाशिक्षकांना भेटले आहे. दातांची डबी मिळेपर्यंत शाळेच्या फ्रिजमध्ये दुधाची एक पिशवी रोज असेल असं त्यांनी कबूल केलं आहे. सोसायटीच्या तलावावर मराठीत मोठी पाटी लावली आहे: दात पडला तर पांढऱ्या भागाला धरा, घासू नका, पाण्यात ठेवू नका, थंड दुधात टाका, तासाच्या आत दंतवैद्याकडे. पाटी लावत होते तेव्हा तिथले जीवरक्षक दादा शेजारी येऊन सगळं शब्दन् शब्द वाचून गेले, मग परत फिरून आले.

“ताई, टोन्ड दूध चालेल ना?”

“चालेल दादा, कुठलंही साधं दूध चालेल. फक्त थंड हवं, आणि साखर नको.”

त्यांनी खिशातून पेन काढलं आणि पाटीवर खाली लिहिलं: साखर नको.